नाव ‘साधारण’, मुक्काम सुलावेसी

मुलांना हत्तीवर, वाघावर किंवा उंटावर निबंध लिहायला सांगितला की पान भरते. चिचुंद्रीवर लिहायला सांगितले तर वर्ग हसतो. घरातही तेच. चिचुंद्री दिसली की मोठी माणसे नाकाला पदर लावतात आणि झाडू शोधतात. उर्दूत तिला छछूंदर म्हणतात, पण तिथेही तिचा मान काही वाढत नाही. न शोभणाऱ्या माणसाने नटावे, तर ‘छछूंदर के सर में चमेली का तेल’ म्हणायचे. गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही अशी अडचण आली, तर ‘साँप के मुँह में छछूंदर’ म्हणायचे. आमच्या दोन्ही भाषांत हा जीव आहे तो केवळ टिंगलीपुरता.

या जीवाच्या दूरच्या नातलगांची गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत. ते आपल्या घराच्या मोरीजवळ राहत नाहीत. ते राहतात हजारो किलोमीटर दूर, इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या डोंगरांवर, ढगांत बुडालेल्या ओल्या जंगलात. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या चौदा जातींना एकाच वेळी नावे मिळाली. त्या चौदांपैकी चौघींची नावे अशी आहेत की त्यांचा अर्थ ‘साधारण’, ‘नेहमीची’, ‘मध्यम’ आणि ‘सर्वसामान्य’ असाच होतो. ज्याला जगाने ‘साधारण’ म्हटले, त्या जीवाकडे आपण कसे पाहावे, हा आमच्या या लेखाचा प्रश्न आहे.

सुलावेसी कुठे आहे?

नकाशात बोर्निओच्या पूर्वेला इंग्रजी ‘के’ अक्षरासारखे वेडेवाकडे एक बेट दिसते. चार लांबलचक हात पसरल्यासारखा त्याचा आकार आहे. तेच सुलावेसी. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 74 हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे जास्त. तिथे सुमारे दोन कोटी लोक राहतात आणि त्यांतील बहुसंख्य मुसलमान आहेत. बेटाच्या दक्षिणेला मकासार हे मोठे बंदर आहे. 1605 साली तिथल्या गोवा आणि तल्लो या जुळ्या राज्यांच्या राजांनी इस्लामचा स्वीकार केला. (हे गोवा वेगळे. आपल्या गोव्याशी त्याचे फक्त नावापुरते साम्य आहे.) तिथले बुगी आणि मकासारी लोक दर्यावर्दी म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. आपल्या बिर्याणीतली लवंग आणि गोडाधोडातले जायफळ मूळचे शेजारच्या मलुकू बेटांवरचे. तिकडे जाणारी जहाजे याच समुद्रातून ये-जा करत असत. आज सुलावेसीतही लवंगेच्या आणि कोकोच्या बागा आहेत.

बेटाचा किनारा सोडला की आत डोंगरच डोंगर आहेत. लातिमोजोंग रांगेतील सर्वांत उंच शिखर सुमारे 3,400 मीटर उंच आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे, म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्यासारखी ही उंची. खालच्या उतारांवर उकाडा असतो, पण हजार-दीड हजार मीटरच्या वर हवा थंड आणि ओली होते. झाडांच्या खोडांवर हिरव्या शेवाळाची जाड दुलई चढते आणि जमिनीवर कुजक्या पानांचा मऊ थर साचतो. आमच्या गोष्टीतल्या चिचुंद्र्यांचे घर म्हणजे हा थर.

या बेटाचे आणखी एक वैशिष्ट्य मुलांना जरूर सांगावे. 1856 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गअभ्यासक मकासारला आला होता. बोर्निओ आणि सुलावेसी ही बेटे शेजारी असूनही त्यांच्यावरचे प्राणी खूप वेगळे आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. कारण मधली सामुद्रधुनी फार खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा जावा, सुमात्रा आणि बोर्निओ आशियाच्या जमिनीला जोडले गेले, पण सुलावेसी कधीच जोडले गेले नाही. जे थोडे प्राणी कसेबसे पाणी ओलांडून तिथे पोहोचले, त्यांची पिढ्यान्‌पिढ्या वेगळी वाढ झाली. म्हणून तिथले कितीतरी प्राणी जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. चिचुंद्र्या त्यांतल्याच.

उंदीर नव्हे, साळिंदरही नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती उंदीर नाही. उंदीर, घूस, खार आणि साळिंदर हे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते. चिचुंद्रीचे तसे नाही. तिचे दात बारीक आणि टोकदार असतात. ते किडे पकडायला आणि त्यांचे कवच फोडायला घडवलेले आहेत. नात्याने ती चिचकुल्या काट्यांच्या जाहकाच्या आणि जमिनीखाली राहणाऱ्या मोल या प्राण्याच्या जवळची आहे. लांब, हलते नाक, मोहरीएवढे डोळे आणि मखमलीसारखे दाट केस ही तिची ओळख. नजर कमजोर असल्याने ती नाकाने आणि मिशांनी जग चाचपते.

सुलावेसीच्या चिचुंद्र्या ज्या वंशातल्या आहेत त्याला शास्त्रज्ञ ‘क्रोसिड्युरा’ म्हणतात. यांचे दात पांढरे असतात. युरोपातल्या काही चिचुंद्र्यांच्या दातांची टोके लालसर असतात, कारण त्यांच्या दातांत लोह असते. क्रोसिड्युरात ते नसते. सस्तन प्राण्यांच्या सगळ्या वंशांमध्ये सर्वांत जास्त जाती याच एका वंशात आहेत. आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत तो पसरला आहे. अल्लाहने ज्या जीवाला आकाराने लहान केले, त्याला प्रकार मात्र भरपूर दिले.

सुलावेसीतल्या लहान जाती चार-पाच ग्रॅमच्या आहेत, तर मोठ्या वीस ग्रॅमच्या आसपास. आपले दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमचे असते. म्हणजे तिथली एक अख्खी चिचुंद्री, तिचे हृदय, फुप्फुसे, मेंदू आणि पोटातली पिल्ले धरूनही, एका नाण्याहून हलकी असू शकते.

इतके लहान असणे सोपे नाही. पातेल्यातल्या चहापेक्षा कपातला चहा लवकर गार होतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. लहान शरीराचेही तेच होते. उष्णता भराभर बाहेर जाते आणि ती टिकवायला सतत खावे लागते. चिचुंद्र्यांच्या कितीतरी जाती दिवसाकाठी जवळजवळ आपल्या वजनाइतके खातात. काही तास अन्न मिळाले नाही तर त्या मरतात. आयुष्यही जेमतेम एक-दोन वर्षांचे. एवढ्या मुदतीत जन्म, वाढ, पिल्ले आणि मृत्यू सगळे उरकायचे असते.

या वंशातल्या अनेक जातींची एक सवय पाहण्यासारखी आहे. घरटे सोडून दुसरीकडे जायचे असले की एक पिल्लू आईच्या शेपटीजवळचे केस दातांत धरते. दुसरे पहिल्याचे धरते, तिसरे दुसऱ्याचे. अशी आगगाडी करून सगळे कुटुंब पानांखालून सरकते. पिल्लांना नीट दिसत नाही, पण धरलेले सुटत नाही. आपल्या घरातली चिचुंद्रीही अशीच पिल्ले नेते. ज्यांनी एकदा ही रांग पाहिली त्यांना तिच्यावर झाडू उगारणे जड जाते.

एका दशकाचे काम

1921 मध्ये मिलर आणि हॉलिस्टर या अमेरिकी अभ्यासकांनी सुलावेसीतील पाच चिचुंद्र्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. पुढे 1995 मध्ये आणखी एकीची भर पडली. म्हणजे पाऊणशे वर्षांत सहा. सगळ्यांना वाटले की बेटावर एवढ्याच असाव्यात.

मग अमेरिकेतील लुईझियाना राज्य विद्यापीठाच्या संग्रहालयातील जेकब एसेलस्टिन, इंडोनेशियाच्या बोगोर येथील प्राणी संग्रहालयातील अनांग अचमादी, ऑस्ट्रेलियातील केव्हिन रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगर एकेक करून पालथे घालायला सुरुवात केली. बोगोरचे हे संग्रहालय 1894 पासूनचे आहे. काम कष्टाचे होते. दिवसेंदिवस चालत वर चढायचे, पावसात तंबू ठोकायचा, गावातल्या वाटाड्यांच्या मदतीने जागा निवडायची. चिचुंद्री पिंजऱ्यात सहसा येत नाही. तिच्यासाठी जमिनीत बादली पुरतात. बादलीचे तोंड जमिनीच्या बरोबरीने ठेवतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्टीचे बुटके कुंपण घालतात. चिचुंद्री कुंपणाच्या कडेकडेने जाते आणि बादलीत पडते.

सुमारे दहा वर्षांत 1,368 नमुने गोळा झाले. प्रत्येकाची कवटी, दात, शेपटी आणि पंजे मोजले गेले. डीएनए तपासला गेला. मग लक्षात आले की जिला एकच जात समजत होतो, त्या प्रत्यक्षात अनेक आहेत. 2019 मध्ये एका जातीचे वर्णन आले. तिच्या शेपटीवर दाट लांब केस आहेत, म्हणून नाव पडले ‘कॉडिपिलोसा’, म्हणजे केसाळ शेपटीची. आणि डिसेंबर 2021 मध्ये एकाच शोधनिबंधात चौदा नव्या जातींची घोषणा झाली. सस्तन प्राण्यांच्या इतक्या नव्या जाती एका निबंधात येण्याचा प्रसंग 1931 नंतर पहिल्यांदाच आला. सुलावेसीच्या चिचुंद्र्यांची संख्या सहावरून एकवीस झाली.

हे एकवीस प्रकार झाले कसे? आजचे एकसंध दिसणारे हे बेट पूर्वी वेगवेगळ्या तुकड्यांत होते. लाखो वर्षांच्या ओघात ते तुकडे जवळ आले. त्याशिवाय थंड डोंगरात राहणाऱ्या लहान जीवासाठी दोन डोंगरांमधली उष्ण दरी समुद्रासारखीच असते. ती ओलांडता येत नाही. प्रत्येक डोंगर म्हणजे बेटाच्या आत आणखी एक बेट. बहुतेक जाती अशा रीतीने सुलावेसीवरच एकमेकींपासून वेगळ्या झाल्या.

हजेरीपटातली नावे

नव्या जातींची नावे वाचताना आम्हाला शाळेतला हजेरीपट आठवला. एक ‘पार्व्हा’, म्हणजे लहान. एक ‘टेनेब्रोसा’, काळोखी रंगाची. एक ‘पॅलिडा’, फिकट. एक आखूड शेपटीची, एक जाड शेपटीची. एक ‘ऑस्ट्रालिस’, दक्षिणेकडची. एकीला ‘बालेतेई’ हे नाव दिले ते फिलिपिन्सचे दिवंगत निसर्गअभ्यासक दानिलो बालेते यांच्या स्मरणार्थ. आणि मग त्या चौघी: ‘ऑर्डिनारिया’, ‘नॉर्मालिस’, ‘मेडिओक्रिस’ आणि ‘सॉलिटा’. ना शेपटी विशेष, ना रंग विशेष, ना आकार. म्हणून साधारण, सर्वसामान्य, मध्यम आणि नेहमीची.

प्रत्येक वर्गात अशी मुले असतात. पहिल्या नंबरात नाहीत, दंगा करणाऱ्यांतही नाहीत. बाई-सरांच्या तोंडी त्यांचे नाव महिनोन्‌महिने येत नाही. पालकसभेत त्यांच्याविषयी आम्ही ‘ठीक आहे’ एवढेच म्हणतो. पण हजेरीपटात त्यांचे नाव असते, म्हणून एखादे दिवशी ती आली नाहीत तर कळते. नाव नसते तर कळलेही नसते. शास्त्रज्ञांनी या चिचुंद्र्यांना ‘साधारण’ म्हटले हे खरे, पण त्यांना हजेरीपटात घेतले हे अधिक महत्त्वाचे.

नाव माहीत असण्याचे मोल आपल्याला नवीन नाही. हजरत आदम (अलै.) यांना अल्लाहने सर्वप्रथम जे ज्ञान दिले ते नावांचे होते, हे सूरह अल्‌-बकराहमध्ये आले आहे. माणसाचा मान त्या ज्ञानाशी जोडलेला आहे. आणि सूरह अल्‌-अनआमच्या 38 व्या आयतीत जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत, असे सांगितले आहे. तिथे शब्द ‘उम्मत’चेच बहुवचन आहे. त्यात हत्ती आणि उंट तेवढे घेतले आणि बाकीचे वगळले, असे कुठेही नाही.

जंगल वर सरकते आहे

आता चिंतेची गोष्ट. सुलावेसीच्या उतारांवर कोकोची लागवड वेगाने वाढली. जगभर चॉकलेटची मागणी आहे आणि गरीब शेतकऱ्याला हातात रोख पैसा हवा आहे. त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याची मुलेही शाळेत जातात आणि त्याच्याही घरी लग्नकार्य असते. मध्य सुलावेसीतील लोरे लिंदू राष्ट्रीय उद्यानाच्या कडेलाही कोकोच्या बागा जंगलात शिरल्या. बेटाच्या इतर भागांत निकेलच्या खाणी आहेत. स्टेनलेस स्टील आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या काही बॅटऱ्या यांसाठी निकेल लागते आणि आज जगात सर्वांत जास्त निकेल इंडोनेशियात निघते. त्या खाणी मुख्यतः खालच्या टेकड्यांवर आहेत आणि शिखरांजवळचे जंगल अजून बऱ्यापैकी उभे आहे. पण खालून बागा आणि खाणी चढत आहेत आणि हवाही तापत आहे. थंड हवेत जगणारा जीव तापमान वाढले की आणखी वर जातो. डोंगराला मात्र टोक असते. टोकाच्या वर जागा नसते.

पाच ग्रॅमची चिचुंद्री गेली तर काय बिघडेल, असे मुले विचारतात. मोठेही विचारतात. उत्तर असे की ही चिचुंद्री पानांच्या थरातले किडे, अळ्या आणि गांडुळे खाते आणि स्वतः साप-घुबडांचे अन्न होते. त्या थरातून पाणी झिरपून झरे होतात आणि खालची भातखाचरे त्या झऱ्यांवर जगतात. एका चिचुंद्रीने जंगल चालत नाही, पण जंगल अशाच हजारो लहान जीवांनी चालते. शिवाय आम्हाला वाटते की ‘फायदा काय?’ हा प्रश्न पहिला असू नये. ज्याने तिला निर्माण केले त्याने ती विनाकारण निर्माण केली नाही, हा तर आपला ईमान आहे. आपल्याला कारण कळत नाही, ही मर्यादा आपली.

इंडोनेशियातील उलमांनी या बाबतीत एक पाऊल उचलले आहे, ते आपल्या वाचकांना माहीत असायला हवे. मजलिस उलमा इंडोनेशिया या तिथल्या उलमांच्या राष्ट्रीय परिषदेने 2014 मध्ये चौथ्या क्रमांकाचा फतवा काढला. दुर्मीळ प्राण्यांची बेकायदा शिकार आणि व्यापार हराम आहे आणि त्यांचे रक्षण ही मुसलमानांची जबाबदारी आहे, असे त्यात सांगितले. वाघ, गेंडा, ओरांगउटान, सुलावेसीचा रानटी बुटका रेडा ‘अनोआ’ अशा प्राण्यांच्या बाजूने धर्माचा शब्द उभा राहिला. जिथे वनरक्षक पोहोचत नाही, तिथे जुम्याचा खुतबा पोहोचतो.

पण यातही एक अडचण आहे. दुर्मीळ कोण, हे ठरवायला आधी तो प्राणी माहीत असावा लागतो. ज्याला नावच नाही तो कोणत्या यादीत येणार? जगभरच्या कितीतरी चिचुंद्र्या धोक्यात आहेत की नाहीत हेही ठरवता येत नाही, कारण त्यांच्याविषयी पुरेशी माहितीच जमलेली नाही. 2021 पूर्वी त्या चौदा जातींपैकी एखादी संपली असती, तर कुणाच्या नोंदीत एक ओळही आली नसती. म्हणून आम्हाला बादल्या पुरत डोंगर चढणाऱ्या त्या माणसांचे काम मोलाचे वाटते.

नमुने मारले, ते योग्य होते का?

इथे जाणत्या वाचकाच्या मनात एक शंका येईल. चिचुंद्र्या वाचवायच्या म्हणता आणि तेराशे चिचुंद्र्या मारून बाटल्यांत ठेवता, हे कसे? शंका योग्य आहे. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे तक्रार करील, अशा आशयाची हदीस आपण ऐकलेली आहे. त्या हदीसमधला कळीचा शब्द ‘विनाकारण’ हा आहे. या जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की कवटी आणि दात मोजल्याशिवाय त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. ते नमुने संग्रहालयात जपून ठेवले जातात आणि पुढच्या पिढ्यांनाही अभ्यासता येतात. दुसरीकडे एका डोंगराचा एक उतार साफ केला की त्याहून कितीतरी जास्त जीव एका हंगामात जातात आणि त्यांची मोजणीही होत नाही. तरीही प्रश्न विचारला जायला हवा. गरजेपेक्षा एकही जास्त मारू नये, ही काळजी अभ्यासकाने घ्यावी आणि ती घेतली का हे इतरांनी विचारावे. इल्मच्या नावाखाली बेपर्वाई चालत नाही.

आपल्या दाराशी

सुलावेसी दूर आहे. पण आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि तामिळनाडूच्या डोंगरी जंगलांतही चिचुंद्रीची अशीच एक छोटी जात राहते. 1888 मध्ये तिचे वर्णन झाले आणि फ्रान्सिस डे यांच्यावरून तिचे नाव पडले. तीही जंगलाबाहेर जगत नाही.

आणि घरातली चिचुंद्री तर आपल्या दाराशीच आहे. ती आकाराने या सगळ्यांपेक्षा मोठी असते. तिच्या अंगाच्या बाजूला गंधाच्या ग्रंथी असतात, म्हणून ती धोक्यात आली की उग्र वास सुटतो. त्या वासामुळे मांजरही तिला मारून टाकून देते, खात नाही. ती झुरळे, किडे आणि गोगलगाई खाते. धान्याची पोती आणि वायरी कुरतडायला लागणारे दात तिच्याकडे नाहीत. पोती फाडतो उंदीर आणि शिक्षा होते भिंतीकडेने जाणाऱ्या चिचुंद्रीला.

उपद्रवी उंदराला मारण्याची परवानगी आपल्या दीनमध्ये आहे, हे सर्वांना माहीत आहे. चिचुंद्रीला तोच नियम लागतो का, हे आलिमांना विचारावे. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. आम्ही एवढेच म्हणतो की मारण्याआधी ओळखावे. अरबी भाषेत उंदराला ‘फार’ आणि चिचुंद्रीला ‘जबाबा’ असे वेगवेगळे शब्द आहेत. इंडोनेशियातही उंदराला ‘तिकुस’ आणि चिचुंद्रीला ‘चेलुरुत’ म्हणतात. आपल्या भाषेतही शब्द दोन आहेत, मग वागणूक एकच का?

याचा अर्थ तिला स्वयंपाकघरात मोकाट सोडा, असा नाही. तिच्या अंगावर पिसवा असू शकतात आणि लहान मुलांच्या घरात स्वच्छता हवीच. उपाय साधे आहेत. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. दाराखालची फट बंद करावी. रात्री उष्टे-खरकटे उघडे ठेवू नये. विषाच्या वड्या टाकण्याआधी विचार करावा, कारण ते विष उंदीर, चिचुंद्री, मांजर आणि लहान मूल यांत फरक करत नाही. चिकट गोंदाचे पुठ्ठे तर नकोतच. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो. एका मुंगीच्या चाव्यावरून मुंग्यांचे सगळे वारूळ जाळल्याबद्दल एका नबींना अल्लाहकडून जाब विचारला गेला, ही हदीस लक्षात ठेवली तर पुठ्ठा विकत घेणारा हात थांबेल. चिचुंद्री घरात आलीच तर दार उघडे ठेवावे आणि भिंतीकडेने वाट मोकळी करावी. ती स्वतःच निघून जाते.

घरातल्या मुलांसाठी या महिन्यात एक छोटे काम सुचवतो. त्यांना वहीचे एक पान द्यावे आणि घर, अंगण, विहीर, मशिदीचे आवार या ठिकाणी दिसणाऱ्या दहा लहान जीवांची नावे लिहायला सांगावीत. मराठीत एक आणि घरात जी दुसरी भाषा बोलतात तिच्यात एक. मांजर, कोंबडी, बकरी यांना या यादीत जागा नाही. आजी-नानींना विचारले तर जुनी नावे मिळतील. यादी बहुधा सहा-सातवर अडेल. ती पूर्ण करायला मुलांना खाली वाकून पाहावे लागेल, पान उलटावे लागेल, दगड हलवावा लागेल आणि पुन्हा जागेवर ठेवावा लागेल. या यादीत आठव्या किंवा नवव्या क्रमांकावर कुणी चिचुंद्री लिहिली, तर हसू नये. तिच्याविषयी आणखी काय माहीत आहे, ते विचारावे.